चौकुळचे घरगुती मुक्काम : खोली बेताची, पाऊस पुरेपूर

मालवण-वेंगुर्ल्याला आलेला पर्यटक आंबोलीला चढतो तो बहुधा मुख्य धबधब्यात भिजायला, गरम कणीस खायला आणि दिवेलागणीला परत किनाऱ्यावर उतरायला. आंबोलीतून आत वळून दहा-बारा किलोमीटर गेले की चौकुळ लागते. तिथवर त्यांतले थोडेच पोहोचतात. सावंतवाडी तालुक्यातले हे गाव साधारण ७०० मीटर उंचीच्या पठारावर वाड्यावाड्यांनी पसरले आहे. एका वाडीतून दुसऱ्या वाडीचे घर दिसेलच असे नाही, आणि धुके उतरले की स्वतःच्या खळ्याचा पलीकडचा गडगाही दिसत नाही. आंबोलीचा वार्षिक पाऊस सात हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि चौकुळ त्याच ढगाखाली. गावाबद्दल लिहिलेले फार थोडे सापडते, जे सापडते त्यात फोटोच जास्त. म्हणून इथल्या घरगुती मुक्कामांचा हा आढावा, तोही जून ते सप्टेंबर एवढ्याच काळाचा. मे महिन्यातले चौकुळ हा वेगळा विषय आहे.

आधी एक गोष्ट नीट कळायला हवी, नाहीतर इथली प्रत्येक खोली स्वस्तातली वाटेल. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत ‘कबुलायतदार गावकर’ ही सावंतवाडी संस्थानच्या काळापासूनची जमीनपद्धत आहे. जमीन गावकीने सामाईक कसायची, सातबारावर माणसाचे स्वतंत्र नाव नाही. नाव नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, ही या गावांची पिढ्यांची तक्रार. वाटपाचा निर्णय शासनाने अलीकडे घेतला असला, तरी आजवर इथे जे उभे राहिले ते घरच्या पैशातून. सैन्यातून निवृत्त झालेली माणसे या भागात पुष्कळ आहेत. निवृत्तीच्या रकमेतून माजघराला लागून दोन खोल्या काढल्या, एक न्हाणी फरशीची केली, झाले ‘होम स्टे’. त्यामुळे इथे पाहुणा घराच्या शेजारी नव्हे, घरातच राहतो. काहींना हे आवडत नाही, आणि त्यांनी आंबोलीतल्या हॉटेलातच उतरावे. तिथे खोलीला कडी, टीव्ही आणि जेवायला मेनूकार्ड आहे.

खोली ठरवताना भाड्याच्या आधी छपराची चौकशी करावी. मंगलोरी कौलांचे घर पावसाला सर्वांत चांगले. आवाज दबका येतो, वरून हवा खेळती राहते, आणि एखादे कौल सरकून गळू लागले तर घरातलाच माणूस काठीने ते जागेवर बसवतो. पत्र्याच्या खोलीत आर्द्रेच्या सरीत शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते, आणि ज्या बेडकांचे आवाज ऐकायला माणूस इतक्या लांब येतो ते रात्रभर कानावर पडत नाहीत. स्लॅबची खोली दिसायला ऐटबाज, पण वर पत्र्याची शेड टाकलेली नसेल तर जुलैच्या मध्यापर्यंत भिंतीला ओल चढते आणि गादीला बुरशीचा वास येतो. फोनवर एवढेच विचारावे : कौले, पत्रा की स्लॅब, आणि स्लॅब असेल तर वर शेड आहे का. शेणाच्या जमिनीची खोली मिळाली तर झोपायला खाट हवी. जमिनीवर अंथरलेली गादी तळातून ओलावा ओढते आणि दुसऱ्या रात्री जड लागते.

न्हाणीघर बऱ्याच घरांत मागल्या दारी असते. ‘अटॅच’ असे सांगितले तरी पडवीतून चार पावले जावे लागते का, हे विचारून घ्यावे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर ही चार पावलेच मुक्काम ठरवतात, कारण पागोळ्यांखालचा चिरा शेवाळाने निसरडा झालेला असतो. आंघोळीचे पाणी चुलीवरच्या हंड्यातले. लाकडे मिरगाच्या आधी फोडून, रचून ठेवलेली असतात आणि ती चार महिने पुरवायची असतात, म्हणून गरम पाण्याची वेळ ठरलेली : सकाळी सात ते नऊ, फार तर संध्याकाळी एकदा. रात्री अकराला भिजून येऊन हंडाभर कढत पाणी मागणे म्हणजे कुणाची तरी दोन दिवसांची सुकी लाकडे संपवणे. गिझर काही घरांत बसवले आहेत, पण तारांवर फांद्या पडून वीज जाते आणि ती केव्हा येईल हे घरमालकाच्या हातात नाही. ‘पाऊस इलो की लाईट गेलीच’ हे वाक्य पहिल्या तासात ऐकू येईल. इन्व्हर्टर असला तरी त्यावर दिवे आणि मोबाईल एवढेच चालते. दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक माणशी पुरते, रात्री फोटो काढणाऱ्याने दोन आणाव्यात.

पाण्याची व्यवस्था बघण्यासारखी आहे. वरच्या अंगाच्या झऱ्याला काळा पाइप लावून उताराने पाणी टाकीत आणतात, त्याला ना पंप लागतो ना वीज. गफलत होते ती पाइपाच्या तोंडाशी. मोठ्या सरीनंतर पाला येऊन जाळी तुंबते आणि नळ कोरडा पडतो. चहूकडे पाणी धो-धो कोसळत असताना न्हाणीत थेंब नाही, असा प्रकार घडतो तो यामुळे. कुणीतरी वर जाऊन जाळी साफ करेपर्यंत थांबायचे. पाणी गढूळही येते. प्यायला उकळलेलेच मागावे, आणि ते मागण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

जेवण ही या मुक्कामांची खरी जमेची बाजू, अट इतकीच की शहरातली यादी घेऊन जाऊ नये. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमई किंवा पापलेटचा आग्रह धरला तर बर्फातले नाहीतर परराज्यातले येणार, आणि त्याचे पैसे ताज्या मासळीचे लागणार. त्याऐवजी सुक्या बांगड्याची किस्मूर, सुकटीचे कालवण किंवा शेतातल्या कुर्ल्या मागाव्यात. कुर्ल्यांचा रस्सा उकड्या तांदळाच्या भाताबरोबर खाताना सुरमईची आठवण येत नाही. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबार, दुपारी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, रानभाजी. पावसाच्या सुरुवातीला टाकळा आणि कुरडू, पुढे भारंगी. अळूच्या भाजीत फणसाच्या आठळ्या असतील तर दुसऱ्यांदा वाढून घ्यावी. अळूला आंबट कमी पडले की घसा खवखवतो. तसे झाले तर सोलकढी प्यावी आणि वहिनींना मोकळेपणाने सांगावे, त्या पुढच्या वेळी आमसुले वाढवतात. अळंबी मात्र हट्टाने मागू नये. वारुळावर उगवणारी खाण्याची अळंबी मोजके दिवस येते आणि उमलल्यावर दिवसभरही नीट टिकत नाही. ओळखीच्या जागेची नसेल तर गावातली जाणती बाई ती घरात घेत नाही. पाहुण्याने सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरून, वेचून आणलेली अळंबी शिजवून द्यायला जे घर नकार देते, त्या घराच्या स्वयंपाकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पर्यटकांच्या मागणीमुळे काही ठिकाणी पनीर मसाला आणि तंदुरी रोटी सुरू झाली आहे. ती वाईट नसते, पण घाट चढून खाण्याजोगीही नसते. जेवणाची मागणी सकाळी नऊच्या आत सांगावी. कोंबडी हवी असेल तर आदल्या दिवशी. लावणीच्या आठवड्यात, म्हणजे साधारण तरण्या पावसात (पुनर्वसू नक्षत्रात), घरातली सगळी माणसे चिखलात असतात. दुपारचे जेवण तेव्हा साडेअकराला नाहीतर थेट तीनला मिळते, आणि याबद्दल तक्रार करणाऱ्याने ऑगस्टात यावे.

आता बेडूक-साप बघायला निघणाऱ्या रात्रीच्या फेरीबद्दल. बहुतेक लोक येतात ते याच्यासाठी, आणि सेवेतला सर्वांत मोठा फरकही इथेच दिसतो. या परिसरातून गेल्या पंधरा-वीस वर्षांत विज्ञानाला नवे प्राणी मिळाले आहेत. अंगावर पिवळट पट्टे असलेला, आंबोलीच्या परिसरातलाच ‘झँथोफ्रायनी टायग्रिना’ हा भेक (टोड) २००९ मध्ये नोंदवला गेला. हिरण्यकेशी नदीच्या उगमकुंडातला मासा ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’, ज्याला लोक देवाचा मासा म्हणतात, तो २०२० मध्ये, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. पाहुण्याला हे कळायला हवे, कारण वाटेत पायाखाली येणारा बेडूक जगात दुसरीकडे कुठे नसण्याची शक्यता इथे खरोखर असते.

चांगली फेरी साडेसातला निघते आणि दहाच्या आत परत येते. एका वाटाड्यामागे सहापेक्षा जास्त माणसे नकोत. दहा माणसे झाली की शेवटच्या चौघांना फक्त पुढच्याची पाठ दिसते, आणि ओहोळाची कड तुडवली जाते. वाटाड्या प्राण्याला हात लावत नाही, ही पहिली पारख. बेडकाची कातडी पातळ आणि ओली असते. हाताला लावलेले डासांचे मलम किंवा सॅनिटायझर तिच्यातून आत जाते. फोटोसाठी बेडूक उचलून दुसऱ्या पानावर बसवणारा, साप काठीने हलवणारा किंवा बरणीत पकडून ठेवलेला प्राणी दाखवणारा वाटाड्या असेल, तर फेरी तिथेच थांबवून पैसे का देत नाही ते सांगावे. असे एक-दोन प्रसंग झाले की गावातच सुधारणा होते, कारण इथे बातमी एका वाडीतून दुसरीत पोहोचायला फोन लागत नाही.

भेक बघायचा तर पावसाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत यावे. तो कातळाच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो आणि त्याचा हंगाम लवकर आटोपतो. हिरवागार, बोटांमध्ये तांबूस पडदे असलेला मलबारी उडता बेडूक त्यामानाने उदार आहे, जूनच्या मध्यापासून पुढे बराच काळ दिसतो. मादी पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचे घरटे करते, पिल्ले सुटली की थेट खाली पाण्यात पडतात. पावसाने आठवडाभर उघडीप दिली तर फेस वाळतो आणि आतले सगळे मरते, म्हणून घरटे हलवून बघू नये, पान वाकवू नये. एक उपयुक्त खूण : ज्या घराच्या परसात उघडा हौद आणि त्यावर वाकलेली झाडे आहेत, तिथे हा बेडूक फेरीला न जाता मागल्या पडवीतूनच दिसतो. खोली ठरवताना हौदाची चौकशी करणारा पाहुणा घरमालकालाही शहाणा वाटतो.

मलबारी चापडा हा विषारी साप ओहोळाकाठच्या फांदीवर कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर तासन्‌तास न हलता बसलेला असतो. हिरवा, तपकिरी, पिवळा, कुठल्याही रंगात. म्हणून घसरताना फांदीला हात घालायचा नाही, आधाराला काठी घ्यायची. अंतर किमान दीड मीटर. याच्या विषाने माणूस दगावणे विरळ, पण वेदना आणि सूज भरपूर, आणि आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर बेतलेली आहे, चापड्यावर नव्हे. मोठे रुग्णालय सावंतवाडीला, म्हणजे घाट उतरून चाळीसेक किलोमीटर. निघण्यापूर्वी वाटाड्याला विचारावे की रात्री काही झाले तर गाडी कोणाची आणि चालवणार कोण. ज्याच्याकडे याचे उत्तर तयार असते तो कामाचा माणूस.

जळवांचा बाऊ फार होतो. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे पँटवरून चढवले की निम्मा प्रश्न सुटतो. गमबूट असले तरी मोजे हवेतच, जळू बुटाच्या काठावरून आत उतरते. चिकटलेली जळू ओढली तर तोंडाचा भाग जखमेत राहू शकतो, मीठ किंवा तंबाखू टाकली तर ती पोटातले जखमेत ओकते. नखाने तोंडाकडची बाजू सरकवून सोडवणे उत्तम. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, त्यामुळे ती सुटल्यावरही तास-दोन तास रक्त झिरपते. साबणाने धुऊन कापसाची घडी दाबून बांधली की पुरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र फेरीचा बेत डॉक्टरांना विचारूनच करावा.

सामानात सुती कपडे आणि जीन्स नकोत. जुलैत ती तीन दिवसांतही वाळत नाहीत, चुलीवरच्या दांडीवर टाकली तर वाळतात पण महिनाभर धुराचा वास सोडत नाहीत. दोन रात्रींसाठी चटकन वाळणाऱ्या कपड्यांचे तीन जोड, शिवाय झोपायचा एक जोड प्लास्टिकमध्ये बंद करून वेगळा, तो काही झाले तरी बाहेर घालायचा नाही. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दोन तासांनी बदलावेत, म्हणजे सकाळी निदान पाय घालता येतो. रेनकोट जाड कुरकुरीत असेल तर त्याच्या आवाजात बेडूक ऐकू येत नाहीत, रात्री वारा कमी असेल तेव्हा छत्री बरी. कॅमेऱ्याचे नुकसान पावसापेक्षा वातानुकूलित गाडी जास्त करते. थंड भिंग दमट हवेत आले की धुरकटते. पोहोचण्याआधी पंधरा-वीस मिनिटे एसी बंद करावा आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

सावंतवाडी ते आंबोली साधारण तीस किलोमीटर, दाणोलीनंतर घाट सुरू होतो. पेट्रोल आणि रोख पैसे सावंतवाडीलाच घ्यावेत. रेंज कुठल्या कंपनीची येते हे घरागणिक बदलते, ऑनलाइन पैसे देण्याच्या भरवशावर जाऊ नये. शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, तिथून सकाळी नऊच्या आत पुढे सरकावे. दुपारी अडकले तर दीड-दोन तास गेलेच. दरडीखाली गाडी लावून फोटो काढणे टाळावे. अंधार पडल्यावर चौकुळच्या रस्त्याला लागू नये : धुक्यात हेडलाईटचा मोठा झोत मारला की समोर फक्त पांढरी भिंत दिसते, आणि त्या भिंतीतून गवारेडा निघू शकतो. रात्री जावेच लागले तर वीसच्या वेगाने, रस्त्यावरचे बेडूक बघत. एसटीने येणाऱ्यांनी आंबोलीपर्यंतच्या गाड्या आणि चौकुळला जाणारी गाडी यांच्या वेळा सावंतवाडी स्थानकावर विचाराव्यात. जुळत नसतील तर आंबोलीहून न्यायला गाडी पाठवायला घरमालकाला आधी सांगावे.

चतुर्थीला मुक्काम मागू नये. चाकरमानी घरी आलेले असतात, पाहुण्यांच्या खोलीत चुलत्यांची मुले झोपलेली असतात, आणि नाही म्हणायचा संकोच म्हणून हो म्हटले जाते. विसर्जनानंतरचा पंधरवडा मात्र मोलाचा. पाऊस ओसरतो, सड्यावर तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात, घरातल्यांना बोलायला सवड असते. गेळ्याच्या कावळेसाद कड्यावर दरीतून वर उसळणारे पाणी बघायचे तर वाराही हवा आणि पाऊसही, म्हणून जुलै-ऑगस्टच बरा. तिथे कठड्याच्या आत राहायचे, याला अपवाद नाही.

दर बहुधा माणशी, दिवसाचा, दोन जेवणे आणि नाश्ता धरून सांगतात. त्यात मांसाहार, रात्रीची फेरी आणि लहान मुले कशी धरली आहेत हे ठरवताना स्पष्ट करून घ्यावे. निघताना होणाऱ्या कुरबुरींपैकी बहुतेक याच तीन गोष्टींवरून होतात. सड्यावर बाटल्या फोडणारे आणि गाडीतून गाणी वाजवणारे गट आता काही घरे सरळ नाकारतात. नाकारणारे घर निवडावे, रात्र शांत जाते. वेष्टने, रिकाम्या बाटल्या, ओले वाइप्स हे सगळे आपल्या पिशवीतून सावंतवाडीला उतरवायचे, कारण इथे कचरा टाकला तर तो परसातच जाळला जातो, आणि पावसाळ्यात तोही नीट जळत नाही.

घरातून काही विकत घ्यायचे तर नाचणी घ्यावी, पण पीठ नको, धान्य घ्यावे. या दमट हवेत दळलेले पीठ लवकर कुबट होते. आमसुले मे महिन्यात घाटाखाली वाळवलेली असतात. दाबून बघावीत, हाताला मिठाचे पाणी सुटले तर ती पावसात ओढावली आहेत. घरी नेऊन एक दिवस उन्हात टाकून मगच बरणीत भरावीत.